तळ दिसेपर्यंत

६ मार्च

खोली मिळाली, आणि तीही न शोधता. गेले काही आठवडे मी कंपनीच्या गेस्टहाऊसमध्ये इडलीवर दिवस काढत होते. परवा कामाच्या जागी, पडीक दगडखाणीच्या कुंपणापाशी उभी राहून आईशी फोनवर वाद घालत होते (अकोल्याचं ऊन वाईट की चेन्नईचं, हा आमचा न संपणारा खटला), तर पलीकडून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही मराठी काय?" पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कपाळाला गंध, काखेत छत्री. नाव अप्पाजी. तंजावरकडचे मराठी. पूर्वज कित्येक पिढ्यांमागे इकडे आले आणि इथलेच झाले. बोलणं असं की जुन्या पोथीतलं कुणीतरी तमिळ चालीत वाचून दाखवतंय.

या खड्ड्यात काय करताय, असं त्यांनी विचारलं. माझं काम कुणी विचारलं की मला आवरत नाही. मी सगळं पुराण सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच प्रश्न केला: पाणी निवळलं की तळ दिसेल का? म्हटलं, दिसणारच, त्यासाठीच तर आलेय. त्यावर त्यांनी घरात एक खोली रिकामी आहे म्हणून सांगितलं. माझ्या विषयात इतका रस घेणारा माणूस मला प्रबंधाच्या परीक्षेतही भेटला नव्हता.

९ मार्च

घर चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत, देवळामागच्या गल्लीत. कंपनीची व्हॅन नाक्यावरून उचलते, त्यामुळे इरुंगाट्टुकोट्टैला खाणीवर जायची सोय झाली. अप्पाजींची बायको कमलिनी. मी काकू म्हणणार होते, तर म्हणाली, अक्का म्हण. बारीक, चटपटीत, पदर खोचूनच जन्मली असावी.

खोली त्यांच्या मुलीची, तुळसीची. ती सिंगापुरात असते. तिचे कपडे अजून कपाटात आहेत, आरशाच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या आहेत. मी टिकल्या काढू का विचारलं तर अक्का म्हणाली, असू देत, आली की लागतील. कपाटाचा अर्धा भाग मला दिलाय. तुळसी माझ्याच वयाची. लग्न तिकडेच केलं असणार आणि आईबापांशी बिनसलं असणार, कारण भिंतीवर तिचा नवा फोटो एकही नाही. मी काही विचारलं नाही. भाडेकरूने नाक खुपसू नये.

१७ मार्च

आज पहिले तराफे पाण्यावर सोडले. उद्या कुणी विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून इथे सोप्या भाषेत लिहून ठेवते. पर्लाइट हा ज्वालामुखीच्या काचेचा दगड. भट्टीत घातला की लाहीसारखा फुलतो आणि पाण्यावर तरंगतो. त्यावर आम्ही टायटॅनियमच्या भुकटीचा लेप भाजून बसवतो. असे खडे जाळीत भरून तराफ्यावर ठेवायचे आणि खड्ड्याच्या तळाचं पाणी पंपाने वर आणून त्यांच्यावरून खेळवायचं. ऊन पडलं की लेपावर रंगाचे रेणू तुटत जातात. औषध नाही, गाळ नाही, फक्त दगड आणि ऊन. चेन्नईत उन्हाची टंचाई नाही.

खड्डे दोन आहेत, दोन्ही सोडून दिलेल्या दगडखाणी. जवळच कापड रंगवायचा एक कारखाना होता. तो बंद पडण्याआधी वर्षानुवर्षं आपलं सांडपाणी यांत सोडत होता. छोटा खड्डा आमच्या प्रयोगाचा. शेजारचा मोठा त्याच्या कितीतरी पट. छोटा यशस्वी झाला तर मोठ्याचं काम मिळणार, आणि मग रणवीर, म्हणजे आमचा मालक, मला भागीदार करणार. तो असं म्हणतो तरी.

पाण्याचा रंग कुंकू कालवल्यासारखा. मोजायला एक काळी-पांढरी तबकडी असते. ती दोरीने खाली सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते बघायचं. आज ती पाण्याला टेकताच गेली. मला उगाच वाटलं, कुणी हातातून काढून घेतली.

अप्पाजी माझ्याबरोबर व्हॅनने आले आणि दिवसभर कडुलिंबाखाली बसून राहिले. निवृत्त माणसाला विरंगुळा हवा असतो.

२ एप्रिल

तबकडी आज वीतभर खोलपर्यंत दिसली. जेवताना मी जाहीर केलं. अप्पाजींनी घास खाली ठेवला आणि आणखी लवकर नाही का होणार, असं विचारलं. अक्का ताक आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. ताक तर पानाशेजारीच होतं.

आता रोज संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच तिचा प्रश्न येतो: "आज किती दिसलं?" मी सांगते. मग ती मान हलवते, पण ती मान आनंदाची नसते. मला वाटतं तिला नवऱ्याचं उन्हात बसणं पसंत नाही.

२४ एप्रिल

सत्यानाश. खड्यांवरचा लेप सुटला. अर्धा खड्डा दुधासारखा पांढरा झालाय आणि तबकडी पुन्हा वरच्या वर नाहीशी. रणवीर फोनवर काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. भट्टीचं तापमान कमी पडलं होतं, चूक आमचीच. वेंकटने, म्हणजे आमच्या साइट सुपरवायझरने, मुकाट्याने सगळ्या जाळ्या बाहेर काढल्या.

अप्पाजी परतीच्या वाटेवर व्हॅनच्या खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर अक्काने विचारलं, आज किती? म्हटलं, काहीच नाही, सगळं बिघडलं, तळ आता कधी दिसतो देव जाणे. तर तिने पायसम केलं. खरोखर. काजू घालून. मला बळे दुसरी वाटी वाढली आणि माझी वेणी घालून दिली, तेल लावून. माझं मेलीचं करिअर बुडालं आणि या बाईला सण! मला राग यायला हवा होता, पण तिचे हात इतके हलके होते की डोळे मिटले. मध्येच तिने मला तुळसी म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही.

११ मे

नवे खडे नीट भाजले, लेप घट्ट बसला. अग्निनक्षत्राचं ऊन आहे, इथले लोक या दिवसांत दुपारी बाहेर पडत नाहीत, आणि आमचं काम झपाट्याने चाललंय. पुरुषभर खोल दिसतं.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. मला त्या पाण्याची भीती वाटू लागलीय. लाल होतं तेव्हा ते नुसतं घाण पाणी होतं. आता ते गुलाबी काचेसारखं झालंय आणि खाली काळोख आहे, आणि वाकलं की त्या काळोखात माझा चेहरा दिसतो. आज वेणी पुढे आली होती, अक्काने घातलेली, मोगऱ्याच्या गजऱ्यासकट, आणि क्षणभर तो चेहरा मला माझा वाटला नाही. कडेला बेडूक नाही, किडा नाही, पाखरूसुद्धा नाही. प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो की रंग तुटला तरी त्याचे तुकडे अजून पाण्यात आहेत, त्यांनाही आणखी काही आठवडे ऊन हवं. अहवालाने धीर यायला हवा होता. आला नाही.

अप्पाजी रोज म्हणतात, लवकर कर, पोरी. आडी महिन्याच्या आत व्हायला हवं. आडी म्हणजे आपल्या आषाढाच्या आसपास. का, ते सांगत नाहीत.

३ जून

आज मी काहीतरी भयंकर बोलले आहे, आणि काय ते मला कळत नाहीये.

झालं असं. तळ दिसायला आता फार दिवस नाहीत. रणवीरला त्या दिवशी फोटो, पाहुणे, सगळं हवंय. मला आपलं वाटलं, आमच्याकडे नव्या विहिरीची ओटी भरतात तशी या पाण्याची अक्काच्या हातून भरावी. घरची बाई, शिवाय माझ्या केसांना एवढं तेल लावते. जेवताना मी म्हटलं, अक्का, तळ पहिल्यांदा तुम्हीच बघायचा, नारळ-खण घेऊन यायचं.

तिच्या हातातला डाव पातेल्यात पडला. अप्पाजी भिंतीकडे बघत बसले. मग अक्का अगदी शांतपणे म्हणाली, मी त्या जागेला जात नाही. आणि ताट न आवरता आत गेली. या घरात ताट न आवरलेलं मी प्रथमच पाहिलं.

४ जून

वेंकटला विचारलं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, मॅडम, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

तुळसी सिंगापुरात नाही. बारा वर्षांपूर्वी ती या रस्त्यावरच्या कॉलेजात शिकत होती. एके सकाळी अप्पाजी लग्नाच्या स्थळावरून तिला रागावले. ती बसने निघाली आणि कॉलेजच्या आधीच्या थांब्यावर, म्हणजे या खाणीच्या थांब्यावर उतरली. चहावाल्याने पाहिलं. त्यापुढे कुणीच पाहिलं नाही. पोलिसांनी पाणबुडे आणले, पण त्या लाल पाण्यात कुणी उतरेना. उतरूनही हात दिसला नसता. अप्पाजींनी शहरातली नोकरी सोडून इथल्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून काम धरलं, ते निवृत्त होईपर्यंत. डबा रोज या कुंपणाशी बसून खायचे. वेंकट इथलाच, त्यांना तेव्हापासून ओळखतो.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाची आकृती करून अंत्यसंस्कार करायचे, अशी त्यांच्यात रीत आहे. या आडीत बारा वर्षं पुरी होतात. गुरुजींना सांगून ठेवलंय.

मी त्या बाईला मुलगी जिथे बुडाली असेल तिथे खण-नारळ घेऊन बोलावलं. मला कुठे तोंड लपवू असं झालंय.

५ जून

सकाळी स्वयंपाकघरात जाऊन मी अक्काचे पाय धरले. तिने उठवलं. म्हणाली, तुझा काय दोष, तुला कुणी सांगितलंच नाही. डोळे कोरडे होते. उपम्याला फोडणी देता देता ती बोलत राहिली, आणि हे मला शब्दन् शब्द आठवतंय (कण्णु म्हणजे इकडचं लाडाचं 'बाळा').

"ती गेली तेव्हां दात घासायचा ब्रश घेऊन गेली, कण्णु. जीव द्यायला जाणारी ब्रश कशाला नेईल?"

मग म्हणाली की हे तिने पोलिसांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, कुणी मनावर घेतलं नाही. म्हणून ती आता फक्त सिंगापूर एवढंच सांगते. सिंगापूरच का? तुळसीला विमानाने जायचं होतं आणि इथून सगळे तिकडेच जातात.

१९ जून

मी रोज खोटं बोलते. तबकडी दिसते त्याच्या निम्मं अक्काला सांगते. संशोधक म्हणून माझ्या तोंडाला काळं फासायला हवं. पण ती मान आता जरा वर होते, रात्री दोन घास जास्त जातात, आणि मला तेवढं पुरतं. अप्पाजी शेजारी बसून ऐकतात आणि काही बोलत नाहीत. त्यांना खरा आकडा माहीत असतो.

खाणीवर मात्र मी तबकडी हळूहळूच सोडते. दोरी खाली जाते तसं वाटतं, आता तबकडी कशाला तरी टेकेल. काल ती किंचित ओढल्यासारखी झाली आणि मी दोरीच सोडून दिली. खाली पंपाची धार होती, दुसरं काही नाही. वेंकटने गळ टाकून ती बाहेर काढली आणि मला चहा दिला. मी बेत केला होता की तळ दिसेल त्या दिवशी आजारी पडायचं. पण अप्पाजी तिथे एकटे असतील, हे मनात आलं की बेत टिकत नाही. पाहुण्यांचा कार्यक्रम मी रणवीरला रद्द करायला लावला. भागीदारी गेली तरी चालेल, म्हटलं. तो हसला, काम झालं की भागीदारी कुठे जात नाही म्हणाला.

८ जुलै

तळ दिसला.

ऊन डोक्यावर आल्यावर आम्ही तिघं छोट्या होडीतून सगळा खड्डा फिरलो. अप्पाजी पुढे ओणवे झाले होते, वेंकटने त्यांची वेष्टी मागून धरून ठेवली होती. पाण्याखाली कातळाच्या पायऱ्या, सुरुंगांची भोकं, एक टायर, गंजलेलं पिंप, आठ-दहा बाटल्या, रंग गेलेल्या दोन गणेशमूर्ती. सगळं हात घातला तर लागेल असं. पुन्हा एकदा फिरलो, मग कडेकडेने आणखी एकदा. पंप काढून तळाचा गाळ वेंकटने लांब बांबूने सगळीकडे चाचपला. तो वीतभरसुद्धा नव्हता.

ती तिथे नव्हती.

मी रडायलाच लागले. अप्पाजींचे हात धरून म्हटलं, नाही इथे, नाही आहे ती. ते होडीत बसले. हात थंडगार होते. मला वाटलं, सुटकेने बधिर झालेत.

घरी मी जिना धावत चढले आणि अक्काला सांगितलं. ती आधी भिंतीला टेकली. मग देवापुढे दिवा लावून आली आणि शेजारपाजारी सांगत सुटली की तुळसी सिंगापुरातच आहे. काय सांगू, मी आयुष्यात इतकं चांगलं काम केलेलं नाही. पान मांडलं, गोड झालं, अक्का प्रत्येक वाढपाला हसत होती. अप्पाजी पानावर बसले आणि जेवले नाहीत. अक्काने दोनदा आग्रह केला तेव्हा ते बोलले. आवाज चढला नाही.

"तिथें नाहीं, म्हणजे ती आहे. कुठेंतरी जेवते, निजते, हांसते. आणि बारा वर्षांत तिला एकदांही बापाशीं बोलावेंसें वाटलें नाहीं. मी देवापाशीं रोज मागत होतों कीं ती तिथेंच सांपडूं दे."

अक्काचा वाढायचा हात तसाच राहिला. मग तिने त्यांच्या पानावर भात वाढला, कालवला, आणि लहान मुलासारखा भरवू लागली. मी उठून खोलीत आले. आरशावरच्या टिकल्यांकडे बघवेना.

१३ जुलै

अप्पाजी व्हॅनला येत नाहीत, खुर्चीत बसून असतात. अक्काने शेजाऱ्यांना सांगणं बंद केलंय. तिच्या मनात आता काय आलं असेल ते मला दिसतं, कारण माझ्याही मनात तेच येतं: फोन नंबर तोच आहे, घर तेच आहे, बारा वर्षं. दळणवळणाच्या या काळात सिंगापूर ते किती दूर.

मी काय साफ केलं, कुणास ठाऊक.

१८ जुलै

मोठ्या खड्ड्याचं काम मंजूर झालं. रणवीरने पेढे पाठवले, मी पुडा न फोडता कपाटात ठेवला. पण मंजुरीची गोष्ट अप्पाजींच्या कानावर गेलीच, वेंकटने फोनवर सांगितली. आणि काय चमत्कार, ते खुर्चीतून उठले, दाढी केली, भात मागून घेतला. म्हणाले, चहावाल्याने नुसतं उतरताना पाहिलं, कोणत्या खड्ड्याकडे गेली ते थोडंच पाहिलं? मोठा तर थांब्याला जास्त जवळ. गुरुजींना सांगा, मोठ्याचं कळेपर्यंत विधी नको. अक्काने लगेच सांगून टाकलं.

संध्याकाळी मी गच्चीत कपडे काढत होते तेव्हा अक्का वर आली. माझ्या हातातले कपडे घेतले, घड्या घालू लागली, आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"त्या मोठ्या पाण्याला हात लावूं नकोस, कण्णु. ते म्हणतात ती त्यांत आहे, मी म्हणते ती सिंगापुरास आहे. तें लाल आहे तोंवर दोघांचें चालतें."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. त्या खड्ड्याचं पाणी झिरपून खाणीलगतच्या वाडीतल्या विहिरींत उतरतं, बायका ते गाळून पोरांना देतात, गाळल्याने काही जात नाही. मी नाही म्हटलं तर रणवीर दुसरं कुणी आणेल, आणि तो दुसरा लेप कच्चा भाजेल. ती ऐकत होती. विहिरींचं ऐकल्यावर तिने डोळे मिटले. ती काही वाईट बाई नाही. शेवटची घडी माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, मग कर बाई, आणि खाली गेली.

दुसरी खोली बघायचा विचार आला. पण मग तिच्याकडून वेणी कोण घालून घेईल, असलं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं.

४ ऑगस्ट

आज मोठ्या खड्ड्यावर तराफे सोडायचे होते. अप्पाजी व्हॅनमध्ये माझ्या आधी येऊन बसले होते, धुतलेली वेष्टी, गंध, छत्री. वेंकटने त्यांची खुर्ची मोठ्या खड्ड्याच्या काठी सावलीत मांडून ठेवली होती. पाणी तसंच, कुंकवाचं, वाऱ्याने नुसतं हलत होतं. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा निवळलेला दिसला.

तबकडी सोडली. टेकताच गेली. मी त्यांच्यापाशी जाऊन सांगितलं की काहीच दिसत नाही, आणि वेळ लागेल, पावसात ऊन कमी, कदाचित पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत. मला वाटलं, ते आता नेहमीसारखं लवकर कर म्हणणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

अप्पाजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश कर, पोरी. मज घाई नाहीं."

मी हो म्हटलं, आणि वेंकटला पंप सुरू करायला सांगितला.